दहाचाकी ट्रकच्या टायरची भारक्षमता

प्रश्न : ऊस वाहणाऱ्या माझ्या दहाचाकी ट्रकचे मागचे टायर बदलायचे आहेत. १६ प्लायचा कोणताही टायर चालेल का?

उत्तर : केवळ प्लाय, म्हणजे टायरच्या मजबुतीचा आकडा, पाहून टायर निवडू नये. टायरच्या बाजूवर १४६/१४३ असा भारांक (भारक्षमतेचा सांकेतिक आकडा) असेल, तर पहिला आकडा एकेरी टायरची ३,००० किलो आणि दुसरा जोडीतील प्रत्येक टायरची २,७२५ किलो क्षमता सांगतो. २०१८ च्या नियमानुसार मागच्या आठ टायरांच्या दुहेरी अ‍ॅक्सलवर (जवळजवळ बसवलेल्या दोन आसांवर मिळून) २१ टन भाराची मुभा आहे आणि अशा आठ टायरांची क्षमता २१.८ टन भरते, म्हणजे हाताशी एक टनही उरत नाही. त्यामुळे मर्यादेपलीकडे ऊस भरणे जिवाशी खेळ आहे. ही क्षमताही कंपनीने सांगितलेल्या पूर्ण हवेवरच मिळते. जोडीतील एका टायरची हवा उतरली, की त्याचा भार शेजारच्यावर पडतो, म्हणून प्रत्येक टायरची हवा मोजावी, तीही टायर थंड असतानाच.