शाहू महाराज नेमके किती? सातारचे आणि कोल्हापूरचे वेगळे कसे ओळखायचे?

तुम्ही विचारलंय की एका लेखात "शाहूंनी बाजीरावाला पेशवाईची वस्त्रं दिली" असं आहे आणि दुसऱ्यात "शाहूंनी मागास वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या" असं आहे, तर हे दोघे एकच का?

एक नव्हेत. पहिली घटना १७२० ची, दुसरी १९०२ ची. मध्ये १८२ वर्षं गेली आहेत. गादीही वेगळी: पहिले साताऱ्याचे, दुसरे कोल्हापूरचे. आणि या दोघांमध्ये साताऱ्याला आणखी एक शाहू होऊन गेले, ते तर बहुतेकांच्या गावीही नसतात.

साताऱ्याचे थोरले शाहू म्हणजे संभाजी महाराज आणि येसूबाईंचे चिरंजीव, शिवरायांचे सख्खे नातू. जन्म १६८२, माणगावजवळ गांगवलीला. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा आईबरोबर मोगलांच्या कैदेत गेले. औरंगजेब वारल्यावर १७०७ मध्ये सुटले, जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात अभिषेक झाला, डिसेंबर १७४९ मध्ये निधन. बाळाजी विश्वनाथ, पहिला बाजीराव आणि नानासाहेब या तिघांनाही पेशवाई यांनीच दिली.

आता गंमत पाहा, यांचं पाळण्यातलं नाव शाहू नव्हतंच. ते होतं शिवाजी, आजोबांचं. 'शाहू' हे नंतर रूढ झालं. त्यांच्या राजमुद्रेच्या श्लोकात 'शाहू' हा शब्द सापडत नाही. तिथे आहे 'शंभुसूनु' आणि 'शिवराज', म्हणजे संभाजीचा पुत्र शिवाजी. कागदावर ही मुद्रा दिसली की नवखा वाचक तो कागद थेट शिवछत्रपतींच्या काळात नेऊन ठेवतो. चूक इथेच होते. शिवछत्रपतींच्या मुद्रेत 'शाहसूनु' असतं, शहाजीचा पुत्र. तेव्हा आधी वडिलांचं नाव वाचायचं, मग मुलाचं.

त्यातच १७०७ साली गादीवर हक्क सांगणारा दुसरा नातूही शिवाजीच होता. तो राजाराम महाराज आणि ताराबाईंचा मुलगा. म्हणून त्या दोन-चार वर्षांच्या कागदात नुसतं "शिवाजी राजे" आलं, तर कागद साताऱ्याकडचा की ताराबाईंकडचा हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरे शाहू दत्तक. थोरल्या शाहूंनंतर साताऱ्याच्या गादीवर आलेल्या रामराजांनी यांना १७७७ मध्ये दत्तक घेतलं, हे १८०८ मध्ये वारले. प्रतापसिंह महाराजांचे वडील ते हेच. सत्ता सगळी पुण्यात होती, त्यामुळे यांचं नाव कमी येतं. संदर्भात नाना फडणवीस, महादजी शिंदे किंवा दुसरा बाजीराव असेल आणि "शाहू महाराज" म्हटलं असेल, तर हेच.

कोल्हापूरचे राजर्षी शाहू हे मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव. जन्म २६ जून १८७४, १८८४ मध्ये दत्तकविधान, तेव्हा शाहू हे नाव मिळालं. १८९४ मध्ये कारभार हाती घेतला, ६ मे १९२२ ला मुंबईत निधन. वेदोक्त प्रकरण (राजघराण्याचे विधी वेदमंत्रांनी व्हावेत की नाही हा वाद), वसतिगृहं, राधानगरीचं धरण, खासबागचं कुस्तीचं मैदान, सगळं यांचं. 'राजर्षी' ही पदवी १९१९ मध्ये कानपूरला कुर्मी क्षत्रियांच्या अधिवेशनात मिळाली. त्यामुळे 'राजर्षी' शब्द असेल तर विचारच करायला नको. उत्तरेत "शाहूजी महाराज" म्हणतात तेही हेच. कानपूरचं विद्यापीठ यांच्या नावाचं आहे.

नावं अशी पुन्हा पुन्हा का येतात? वारलेल्या आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपल्याकडची रीत आणि दत्तकाला घराण्यातलं नाव द्यायची पद्धत. कोल्हापूरने दत्तकाला नाव दिलं तेही एकेकाळी समोरासमोर उभ्या राहिलेल्या साताऱ्याच्या गादीवरचं, हे मला फार बोलकं वाटतं.

चित्रावरून ओळखायचं तर सोपं आहे. या तिघांपैकी कोणाचं छायाचित्र असेल तर ते राजर्षींचं, कारण आधीच्या दोघांच्या काळी कॅमेराच नव्हता. थोरल्या शाहूंची जुनी चित्रं रंगवलेली, आणि बऱ्याच चित्रांत डोक्यावर पगडी नाही. तरीही बाजीरावावरच्या मजकुराला राजर्षींचा फोटो लावलेला सर्रास दिसतो. तो पाहिला की कृपा करून कळवत जा.

कागदावर राज्याभिषेक शक, म्हणजे शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकापासून मोजलेलं वर्ष, असेल तर त्यात १६७३ मिळवा, म्हणजे ते वर्ष कोणत्या इसवी सनात सुरू झालं ते कळेल. वर्ष ज्येष्ठात बदलतं, म्हणून जानेवारी ते मे या महिन्यांसाठी १६७४ मिळवायचे. ३४ ते ७६ आलं तर थोरले शाहू, १०४ ते १३४ आलं तर दुसरे. पुण्याच्या पुराभिलेखागारातलं 'शाहू दप्तर' थोरल्या शाहूंच्या काळाचं आहे; राजर्षींचे कागद तिथे शोधत बसू नका, त्यासाठी कोल्हापूर गाठावं लागतं.

आकड्यांवर मात्र फार विसंबू नका. राजर्षींचे दत्तक पिता कोल्हापूरच्या मोजणीत चौथे शिवाजी, पण शिवछत्रपतींपासून मोजलं तर पाचवे. दोन्ही लिहिलेलं सापडतं. आकड्याऐवजी गादी आणि निधनाचं वर्ष लिहिलं की घोळ होत नाही.

वारणेच्या तहातही हाच घोळ होतो. १७३१ चा हा तह शाहू आणि संभाजी यांच्यात झाला, म्हणून पुष्कळांना तो बाप-लेकातला वाटतो. शाहूंचे वडील संभाजी १६८९ मध्येच गेले होते. तहातले संभाजी कोल्हापूरचे, राजाराम महाराज आणि राजसबाईंचे पुत्र, म्हणजे शाहूंचे चुलतभाऊ.

जाता जाता पत्त्याचं सांगतो. शाहूपुरी साताऱ्यातही आहे आणि कोल्हापुरातही. कोल्हापूरची शाहूपुरी राजर्षींनी १८९५ मध्ये गुळाच्या बाजारपेठेसाठी वसवली. पार्सल पाठवताना पिनकोड आणि जिल्हा दोन्ही लिहा.