जुना फोन अजून देऊ नका

प्रश्न : चार वर्षं वापरलेला फोन बदलून नवा घेतला. दोन्ही अँड्रॉइडच. दुकानातल्या मुलानं घाईघाईत काहीतरी केलं आणि ‘सगळं आलंय, मावशी’ म्हणून फोन हातात दिला. घरी येऊन पाहते तर व्हॉट्सॲप कोरं, निम्मे नंबर गायब. माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली. तिनं बोलून पाठवलेले निरोप त्या जुन्या व्हॉट्सॲपमध्ये होते. दुकानदार म्हणतो, बॅकअपच नव्हता. जुना फोन अजून माझ्याकडे आहे, पण अदलाबदलीची सवलत हवी तर आठ दिवसांत तो पुसून द्यायचाय. शिवाय डब्यात चार्जर नाही आणि नवी केबल जुन्या चार्जरमध्ये बसत नाही. काय करू?

उत्तर : ताई, जुना फोन हाताशी आहे हे वाचून जिवात जीव आला. तो पुसू नका. त्यातलं व्हॉट्सॲपही काढून टाकू नका. सवलत बुडाली तरी चालेल, पण आवाज हाती येईपर्यंत फोन सोडू नका. हे मी इतकं ठासून सांगते, कारण माझ्या बाबांचे असे निरोप मी गमावलेत. मीही काउंटरवरच्या ‘सगळं आलंय’वर विश्वास ठेवला होता आणि जुना फोन तिथेच देऊन घरी आले होते.

आज रात्रीच्या आत एक काम करा. नव्या फोनवरच्या व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप इथे जाऊन आपोआप होणारा बॅकअप बंद करा. एका नंबरचा नवा बॅकअप त्याच गूगल खात्यातल्या जुन्यावर लिहिला जातो. जुना तिथे असेलच, तर कोऱ्या व्हॉट्सॲपनं तो पुसायला नको.

मग जुना फोन केबलनं संगणकाला जोडा. अँड्रॉइड, मीडिया, कॉम डॉट व्हॉट्सॲप, व्हॉट्सॲप, मीडिया असं एकात एक उघडत गेलात की ‘व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स’ नावाचं फोल्डर दिसेल. ते अख्खं संगणकावर उतरवून घ्या. त्यातल्या फाइलींच्या नावात कोणी पाठवलं ते नसतं, तारीख असते. आईचे निरोप साधारण कधीचे ते तुम्हाला आठवेलच. शोधायला वेळ लागेल, लागू द्या. आवाज एकदा संगणकावर आला की पुढच्या कामात हात थरथरणार नाही.

आता गप्पा. सिम जुन्या फोनमध्ये घाला, तिथलं व्हॉट्सॲप उघडा आणि नंबर पुन्हा पडताळा. नव्या फोनवर नोंदणी झाल्यामुळे जुन्यातून तुम्ही बाहेर पडला असाल, पण त्यातल्या गप्पा सहसा तशाच असतात. कोड पुन्हा पुन्हा मागू नका, बराच वेळ थांबायला लावतात. आईची खिडकी उघडून एखादा निरोप ऐका. तो वाजला की नव्या फोनवरचं व्हॉट्सॲप काढून पुन्हा घ्या, आणि या वेळी ‘स्किप’ला बोट लावू नका. तुमचं असंच कोरं झालं असावं. घाईतला माणूस ते आधी दाबतो.

गप्पा नेण्यासाठी २०२३ पासून व्हॉट्सॲपमध्येच ‘ट्रान्सफर चॅट्स’ आहे. दोन्ही फोन शेजारी ठेवा, वायफाय चालू ठेवा, नव्यावर आलेला क्यूआर कोड जुन्यानं स्कॅन करा. सगळं थेट या फोनमधून त्या फोनमध्ये जातं, गूगलवर जागा लागत नाही. तुमचा बॅकअप नसण्याचं कारणही बहुधा जागाच. गूगलच्या फुकटच्या १५ जीबीत मेल, फोटो आणि आता व्हॉट्सॲपही मोजलं जातं. ती भरली की बॅकअप थांबतो, आणि त्याची सूचना आपल्या नजरेतून निसटते.

नंबर गायब होण्याचं कारण साधं आहे. काही नंबर गूगल खात्यात होते, ते आले. बाकीचे बहुधा फक्त जुन्या फोनमध्ये साठवलेले होते, ते मागे राहिले. जुन्या फोनच्या कॉन्टॅक्ट्समधून ते फाइल करून स्वतःला मेल करा आणि नव्यात गूगल खात्यावर उतरवा.

चार्जरची काळजी नको. जुन्या चार्जरची जुनी केबल नव्या फोनच्या तोंडात बसत असेल तर तीच लावा. चार्जिंग सावकाश होईल एवढंच. नवा चार्जर घ्यालच तर सी तोंडाचा, म्हणजे यूएसबी-सी, घ्या. युरोपीय संघानं २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनना तेच तोंड सक्तीचं केलंय, त्यामुळे तो पुढेही उपयोगी पडेल.

बँकेचं ॲप आणि लॉगिनचे कोड देणारं ॲप नव्या फोनवर चालतंय ना, हेही जुना फोन असतानाच पाहा. मगच जुन्यातून गूगल खातं काढा आणि सेटिंग्जमधूनच रीसेट करा. खातं राहून गेलं तर पुढच्या माणसाला तुमचाच पासवर्ड मागितला जाण्याची शक्यता असते. २०१५ च्या अँड्रॉइड ५.१ पासून चोरीविरुद्ध तशी सोय आहे.

आणि ताई, आईचा आवाज नव्या फोनवर ऐकू आला की मला दोन ओळी लिहून कळवा. मी वाट पाहते.