माझी बोट नाथसागरावर (जायकवाडीच्या जलाशयावर) बरेच दिवस उभी होती. आता तिच्या टॉयलेटचा मॅसरेटर पंप (मैला बारीक करून पुढे ढकलणारा) नुसता गुं गुं करतो, फिरत नाही. काय करू?

तुमची बोट नाथसागरावर बरेच दिवस उभी होती म्हणता, तर बहुतेक आतला रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) कोरडा पडून चिकटलाय. बटण दाबत बसू नका, मोटर जळेल. आधी फ्यूज काढा आणि बुडाचा व्हॉल्व्ह बंद करा. मोटरच्या मागच्या टोकाला रबरी टोपी आहे का बघा. बऱ्याच पंपांत तिच्याखाली शाफ्टला खाच असते. चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून शाफ्ट पुढे-मागे फिरवा. सुटला तर फ्यूज परत लावा आणि टॉयलेटच्या भांड्यात पाणी ओतूनच दोन-तीन सेकंद चालवा, कोरडा अजिबात नको.

नाही सुटला, तर कटरकडची बाजू उघडावी लागेल. जाड हातमोजे घाला, पाती धारदार असतात. तिथं बहुधा केस, दोरा किंवा वेट वाइप गुंडाळलेला सापडतो. इम्पेलर चिरला असेल तर बदलाच.

आणि कळकळीची विनंती, पंपाचा पाइप मैल्याच्या टाकीलाच जोडा. नाथसागराचंच पाणी संभाजीनगर-जालन्याची माणसं पितात, शिवाय जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे.

पंप मोकळा होऊनही फ्यूज उडत राहिला, तर मोटर वाइंडिंगवाल्याला दाखवा.