समुद्र नाही तरी कोळंबी जगते कशी?

प्रश्न : ताई, वेसाव्याच्या बाजारातली मावशी म्हणते व्हेनामी कोळंबी आता हरियाणातपण वाढवतात. तिथे कुठे समुद्र आहे, मग ती मरत कशी नाही?
– एक वाचक, अंधेरी

उत्तर : मावशी बरोबर बोलतेय. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, व्हेनामीचं रक्त मात्र 25 ग्रॅमवाल्या पाण्याइतकंच खारट, आणि बाहेर काहीही असो ती ते बऱ्यापैकी सांभाळते, म्हणजे पाणी गोडं झालं की कल्ल्यांमधले पंप सोडियम-क्लोराइड आत ओढतात, जास्त खारं झालं की बाहेर टाकतात. पेशींमध्ये ग्लायसीनसारखी अमिनो आम्लंही कमीजास्त होतात, खाऱ्या पाण्यात ती वाढतात म्हणून तिथली कोळंबी गोडसर लागते (आणि गोड्या तळ्यातली फिकी, खवय्यांची तक्रार उगाच नाही).

पण हे फुकटात होत नाही हां, पंपांना ऊर्जा लागते. हरियाणात काही भागात जमिनीखालचं पाणीच खारं आहे, त्यात पोटॅशियम कमी, आणि त्याच्याशिवाय पंप नीट चालत नाही, मग तळ्यात पोटॅश (पोटॅशियमचं मीठ) टाकतात. बी, म्हणजे कोळंबीची पिल्लं, तळ्यात सोडतानापण खारटपणा हळूहळू बदलावा लागतो, घाई केली की मर ठरलेली.