डॅलस की एडिसन: तुमच्या प्रश्नाला उशिरा उत्तर

ताई, तुमचा प्रश्न सोमवारी वाचला आणि आज शनिवार उजाडला. मधे दोनदा लिहून पुसून टाकलं.

तुमच्या मिस्टरांना कंपनी डॅलस किंवा न्यू जर्सीतलं एडिसन, असे दोन पर्याय देतेय. डॅलसकडे घर मोठं मिळतं आणि राज्याचा आयकर नाही. पण धाकटा चौदा वर्षांचा आहे आणि गेल्या दिवाळीत त्याने तुम्हाला सांगितलं की त्याला मुलगे आवडतात. टेक्सासच्या कायद्यांच्या बातम्या खऱ्या की भडक, आणि शाळेत त्याचं कसं होईल, असं तुम्ही विचारलंय. व्हिसा, लसीचे कागद, मार्कशीटचं ट्रान्सलेशन यावर मी लिहीत नाही. ते सरकारी पानांवर आहे, आणि माझ्याहून बरं लिहिलेलं आहे. घराबद्दल एकच सांगते. आयकर नाही म्हणून हुरळू नका, प्रॉपर्टी टॅक्सची नोटीस आली की कळतं.

आधी तुमच्या मुलाचं. १९९८ मध्ये ह्यूस्टनमध्ये दोन पुरुषांना, त्यातल्या एकाच्या घरात, पुरुषांनी एकमेकांशी संबंध ठेवणं गुन्हा ठरवणाऱ्या टेक्सासच्या कायद्याखाली अटक झाली होती. ती केस सुप्रीम कोर्टात गेली आणि २००३ मध्ये लॉरेन्स विरुद्ध टेक्सास या निकालाने तो कायदा रद्द ठरला. तरी ते कलम टेक्सासच्या पुस्तकात आजही छापलेलं आहे, विधिमंडळाने काढलेलंच नाही. लागू होत नाही, पण खोडलेलंही नाही. आपल्याकडे कलम ३७७ मधून समलैंगिक संबंध वगळले गेले ते २०१८ मध्ये. समलैंगिकांना लग्नाचा हक्क इथे २०१५ पासून आहे. तो निकाल फिरवावा म्हणून आलेला अर्ज सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये ऐकायलाच नकार दिला. आपल्या सुप्रीम कोर्टाने १७ ऑक्टोबर २०२३ ला असा हक्क मान्य केला नाही. म्हणजे तुमचा मुलगा मोठा झाल्यावर डॅलसमध्ये लग्न करू शकेल, पुण्यात नाही. पण डॅलसच्या सरकारी शाळेत त्याच्यासारख्या पाच पोरांना शाळेचा क्लब म्हणून एकत्र बसता येणार नाही. २०२५ च्या एसबी १२ (एसबी म्हणजे सिनेट बिल) कायद्याने असे क्लब बंद केले. तेव्हा ‘बातम्या भडक आहेत का’ याला हो किंवा नाही असं एका शब्दात सांगता येत नाही.

इथलं वेळापत्रक मात्र समजून घ्या, ते कोणी सांगत नाही. टेक्सासचं विधिमंडळ विषम वर्षीच भरतं, जानेवारीपासून १४० दिवस. २०२१ मध्ये ट्रान्स मुलांच्या (जन्मतः मुलगी म्हटलं तरी स्वतःला मुलगा मानणारी, किंवा उलट) शाळेतल्या खेळांवरचा कायदा आला, २०२३ मध्ये अठराखालच्या ट्रान्स मुलांचे उपचार बंद झाले, २०२५ मध्ये शाळांचा. दर वेळी ढिगाने विधेयकं येतात आणि बहुतेक मरतात. पण कुठलं मरणार ते मे अखेरपर्यंत कळत नाही. शिवाय गव्हर्नर मधेच खास अधिवेशन बोलावू शकतो, ते वेगळं. आमच्या घरात विषम वर्षाचा उन्हाळा म्हणजे कुणाची तरी दहावी-बारावी असल्यासारखा असतो. पुढची परीक्षा जानेवारी २०२७.

आता माझं. तुम्ही विचारलेलं नाही, पण त्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

मी कोल्हापूरची, नवरा पुण्याचा. २०१२ मध्ये आलो तेव्हा लेक साडेतीन वर्षांची होती. तेव्हा लेक होती असं म्हणते. अकराव्या वर्षी जेवून उठताना ती म्हणाली, “मी जेवलो.” नवऱ्याने सुधारलं, “जेवले म्हण.” मी हसले. आमच्याकडे मुली ‘मी आलो, मी जातो’ असंच बोलतात, माझी आई सत्तरीतही ‘मी येतो गं’ म्हणते. आईला फोनवर सांगितलं तर तिला कोण आनंद! नात कोल्हापूरच्या वळणावर गेली म्हणून. दोन वर्षं आमच्या घरात हा पुणं-कोल्हापूरचा वाद चालला. नवरा व्याकरण सुधारायचा, मी आजोळचं कौतुक करायची, आणि पोर रोज आम्हाला मराठीत काय सांगत होतं ते दोघांनाही कळलं नाही. शाळेत कळायचा प्रश्नच नव्हता. इंग्रजीत ‘मी जेवलो’ आणि ‘मी जेवले’ एकच.

तेराव्या वर्षी त्याने सरळ सांगितलं, मी मुलगा आहे. आम्ही रडलो-बिडलो, ते सोडा. एक समुपदेशक शोधली. दोन भेटी झाल्या, तो जरा खुलला. आणि २२ फेब्रुवारी २०२२ ला टेक्सासचे गव्हर्नर अ‍ॅबट यांचं पत्र आलं. अशा मुलांच्या वैद्यकीय उपचारांना बालछळ समजून राज्याच्या बालसंरक्षण खात्याने आईबापांची चौकशी करावी, आणि डॉक्टर, शिक्षक वगैरेंनी कळवलंच पाहिजे. आमच्याकडे उपचार वगैरे काही सुरू नव्हतं, नुसतं बोलणं होतं. पण आम्ही एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर. ग्रीन कार्डच्या रांगेत आमची तारीख २०१४ ची, ती रांग अजूनही संपलेली नाही. नवरा म्हणाला, दारात कुणी आलं आणि कागदावर काही चढलं तर? मी तिसरी भेट रद्द केली. मुलाला सांगितलं की त्या बाई गाव सोडून गेल्या.

त्या कुठेही गेल्या नव्हत्या. आमच्या घरापासून वीस मिनिटांवर आहेत, अजून.

पुढच्या वर्षी उपचार बंद करणारा एसबी १४ आला, १ सप्टेंबर २०२३ पासून लागू. जून २०२४ मध्ये टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने तो कायम ठेवला आणि जून २०२५ मध्ये देशाच्या सुप्रीम कोर्टाने टेनेसीचा तसाच कायदा ६ विरुद्ध ३ ने. तोवर आम्हाला काही ठरवायचं राहिलंच नव्हतं. लोक म्हणतात कायद्याने हात बांधले. आमचे आम्हीच दीड वर्ष आधी बांधून घेतले होते.

शाळेचं मात्र अजून पोटात आहे. त्याची शाळा वाईट नव्हती, हे आधी लिहिते. नववीपासून शिक्षक त्याला त्याने निवडलेल्या नावाने हाक मारायचे. (नाव इथे लिहीत नाही, ते त्याचं आहे.) दोघांची सही असलेला कागद आम्ही दिला होता. बारावीचं वर्ष ऑगस्टच्या मध्यात सुरू झालं. दोन आठवडे ठीक. १ सप्टेंबरला एसबी १२ लागू झाला आणि त्या आठवड्यात इंग्रजीच्या बाईंनी हजेरी घेताना जुनं नाव घेतलं. पोर म्हणतं, बाईंनी वर बघितलं नाही. सोशल ट्रान्झिशनला (नाव, कपडे, बोलणं बदलून वेगळ्या ओळखीने राहायला) कर्मचाऱ्यांनी मदत करायची नाही असं कायदा म्हणतो, आणि आमच्या डिस्ट्रिक्टने (भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने) त्याचा अर्थ लावला की नावसुद्धा नाही, आईबापांची परवानगी असली तरी नाही. या कायद्याला पालकांच्या हक्कांची सनद म्हणतात! मी पालक, माझी सही फायलीत, आणि मुख्याध्यापक बाई मला समजावतायत की माझ्या हक्कांच्या रक्षणासाठी माझी सही चालणार नाही. त्याच वर्गात एक तेलुगू पोरगा आहे, नाव भलं मोठं, पण सगळे त्याला ‘जे’ म्हणतात. त्याला कुणी कागद मागितलेला नाही.

मग कुणीतरी सुचवलं, कोर्टातून नाव बदला, मग रेकॉर्डच बदलेल. बदला! मुलगा जन्मला कोल्हापुरात, पासपोर्ट भारताचा. इथे नाव बदललं आणि पासपोर्टावर जुनं राहिलं तर ग्रीन कार्डच्या अर्जात दोन नावं दिसणार. पासपोर्टावर बदलायचं तर, खिडकीवर सांगितलं, प्रतिज्ञापत्र आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, एक इथल्या पेपरात आणि एक भारतातल्या पत्त्याच्या गावच्या. गावच्या म्हणजे कोल्हापूरच्या. आमच्या गल्लीत पेपर मागच्या पानापासून वाचतात, आधी निधनवार्ता, मग जाहीर नोटिसा. सहा महिने त्या फॉर्मची प्रिंट फ्रिजवर लावलेली होती. मग मीच काढली.

आणि बाथरूम. ट्रान्स माणसांनी कुठलं वापरायचं, ही लढाई जुनी आहे. २०१५ मध्ये ह्यूस्टनचा भेदभावविरोधी नियम लोकांनी मतदानात ६१ विरुद्ध ३९ टक्क्यांनी पाडला, तो पुरुष बायकांच्या बाथरूममध्ये शिरतील या भीतीवर. शहराच्या तेव्हाच्या महापौर, अ‍ॅनिस पार्कर, उघडपणे लेस्बियन होत्या, हे मला आजही नवल वाटतं. २०१७ मध्ये जन्मावेळच्या लिंगाप्रमाणेच बाथरूम वापरायचं असं राज्यभराचं विधेयक आलं तेव्हा मोठ्या कंपन्यांनी आरडाओरडा केला आणि ते अडकलं. आदल्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनाने तसा कायदा करून गुंतवणूक आणि एनबीएचा ऑल-स्टार सामना गमावला होता. २०२५ मध्ये तेच परत आलं, एसबी ८. ४ डिसेंबरपासून लागू. पहिल्या उल्लंघनाला २५ हजार डॉलर, पुढच्याला सव्वा लाख, आणि दंड संस्थेला, म्हणून संस्था घाबरतात. या वेळी कंपन्यांचा आवाज तसा ऐकू आला नाही. नवऱ्याच्या ऑफिसात दर जूनला कॉलरला लावायला समलैंगिक-ट्रान्स लोकांना पाठिंबा म्हणून सप्तरंगी बिल्ला द्यायचे, तोही बंद झालाय. पोराची पाण्याची बाटली सकाळी भरून देते, संध्याकाळी भरलेलीच परत येते.

हे सगळं होतं कसं, तर इथे बहुतेक मतदारसंघांत खरा निकाल मार्चच्या प्राथमिक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या, निवडणुकीत लागतो, आणि तिथे थोडेच, पण तापलेले लोक मत देतात. शाळा बोर्डाच्या निवडणुकीत त्याहून कमी. मे २०२२ मध्ये पॅट्रियट मोबाइल नावाच्या फोन कंपनीच्या राजकीय शाखेने फोर्ट वर्थच्या बाजूच्या चार डिस्ट्रिक्टमध्ये पैसा लावला आणि ११ जागा जिंकून आणल्या. आपल्याकडे झेडपीला याहून जास्त चुरस असते. आपल्याला मत नाही, आपली मुलं मात्र त्याच शाळेत.

आणि आपले लोक? मंडळात प्रेमळ माणसं आहेत, बाळंतपणाला डबे देतात. २०२३ च्या गणपतीत एका काकांनी प्रहसन बसवलं होतं, तीन बाप्ये नऊवारीत. त्याच महिन्यात ड्रॅग शोवरचा (पुरुषांनी बायकांच्या वेशात करायच्या कार्यक्रमांवरचा) कायदा येणार म्हणून कमिटीत कुजबुज झाली की हे चालेल ना? न्यायाधीशाने तो ऐन वेळी रोखला, आणि तसाही आमचा कार्यक्रम त्यात बसला नसता. प्रहसन झालं, लोक हसून लोळले. ज्या भाषेत बालगंधर्वांचं नेसणं बघून बायका लुगडी नेसायला शिकल्या, तिची आम्ही माणसं. त्याच काकांनी जेवणाच्या रांगेत मला हळूच सांगितलं, “ही इथली फॅडं आहेत, मुलीला दोन वर्षं भारतात ठेव.” मी त्यांच्या पानात जिलबी वाढली. काय बोलायला हवं होतं ते रात्री सुचलं.

आईला मात्र आम्ही सांगायला दोन वर्षं घाबरलो. ती पहिल्यापासून विचारते ते आजही तसंच विचारते, “लेकरू कसं हाय?” लेकरू, पोरगं, ते. तिला शब्द बदलावाच लागला नाही. मी यातून तिला किती कळलंय ते अजून विचारलेलं नाही.

एकटेपणाबद्दल तुम्ही विचारलंत. असतो. दुसऱ्या वर्षी कमी होतो किंवा सवय होते. पुढे.

न्यू जर्सी स्वर्ग आहे असं समजू नका. समलैंगिक माणसांचा इतिहास शाळेत शिकवायचा कायदा त्यांनी २०१९ मध्ये केला हे खरं, पण तिथल्याही काही शाळा बोर्डांनी २०२३ मध्ये मुलांची माहिती घरी कळवायचे नियम केले. फरक इतका की तिथे राज्य सरकार त्या बोर्डांविरुद्ध कोर्टात गेलं. इथे राज्यच समोर उभं असतं. आणि डॅलस म्हणजे नुसतं हे नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये गव्हर्नरनी रस्त्यांवरचे सप्तरंगी पट्टे काढायचा हुकूम दिला, तेव्हा ओक लॉन भागातल्या एका मेथॉडिस्ट चर्चने आपल्या पायऱ्याच इंद्रधनुष्याच्या रंगांत रंगवल्या. आमचा मुलगा मित्रांबरोबर बघायला गेला होता. इतके मित्र त्याला आहेत हे मला त्या दिवशी गाडीत मोजताना कळलं.

माझं मत विचाराल तर एडिसन. घर लहान घ्या. पण तुमचा मुलगा माझ्यासारख्या परिस्थितीत नाही, आणि डॅलसमध्ये हजारो समलैंगिक माणसं रोज कामाला जाऊन सुखाने जगतात. डॅलसच ठरलं तर घराचा करार करण्याआधी डिस्ट्रिक्टला ईमेल करा. फोन नको, लेखी उत्तर मागा. ग्रंथालयात अशा विषयांची पुस्तकं ठेवतात का, समुपदेशकाला मूल जे सांगेल ते घरी कळवणार का, एवढं तरी विचारा. आणि घरी जे चाललंय ते तुम्ही शाळेला कितपत सांगणार हे मुलाबरोबर आधी ठरवा.

आमचा ऑगस्टमध्ये मिनेसोटाला चाललाय. त्याने कॉलेज निवडताना आधी राज्यांचे कायदे बघितले, मग विषय. फी परवडणारी नाही. मी हो म्हणाले. त्या समुपदेशक बाईंचं त्याला कळलंय, मागच्या वर्षी त्याने नंबर शोधून स्वतः फोन केला होता. आम्ही त्यावर बोललेलो नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय, मुलाला या निर्णयात घ्यावं का. मी घेतलं नव्हतं, तेव्हा मला काय विचारता. डिस्ट्रिक्टला लिहायच्या ईमेलचा मसुदा हवा असेल तर सांगा, माझ्याकडे चार आहेत.