पिरेनीज ते पोर्तो बाइकवरून: फोन पुरेल का, की कागदी नकाशाही घ्यावा?

तुमचा प्रश्न असा: नवरा-बायको दोघं, बार्सिलोनाहून भाड्याची बाइक, फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या पिरेनीज डोंगरांमधून पश्चिमेला पोर्तुगालमधल्या पोर्तोपर्यंत, 12 दिवस. मार्ग फोनवर आखला तर भागेल का, की जीपीएसचं वेगळं यंत्र घ्यावं? आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘बायको मागेच बसणार आहे, तिला तसंही काही काम नसेल, तर कागदी नकाशा तिच्याकडे द्यावा का?’

त्या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसले आहे.

आम्ही चार वर्षं दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझला होतो. नवरा विमानांच्या कारखान्यात, पिरेनीज घरापासून दीड-दोन तासांवर. माझे वडील साताऱ्याला भूमापन खात्यात होते. समोच्चरेषा दाटल्या की चढ उभा, हे मला बाराखडीच्या वयात कळलं होतं. त्यामुळे मागच्या सीटवर बसून नकाशा वाचणं हे मी कधी वेळ घालवायचं काम मानलं नाही.

2018चा सप्टेंबर. पहिल्या दिवशी ल्युशोंवरून पोर्तिलों घाट चढून स्पेनमध्ये उतरलो आणि व्येल्लाला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी बोनाइग्वा घाट (2,072 मीटर, वर गार वारा आणि मोकळे सोडलेले घोडे), मग एस्तेरी, सॉर्ट, आणि तिथून एन-260 या राष्ट्रीय रस्त्याने कँतो घाट ओलांडून ला सेऊ दुर्जेल. आदल्या रात्री नवऱ्याने पलंगावर पडल्यापडल्या फोनवर हा मार्ग आखला. फोनने भलतीकडून नेऊ नये म्हणून मध्येमध्ये बोटाने पिना टोचल्या. माझ्या मांडीवर प्लॅस्टिकच्या पाकिटात मिशेलिन कंपनीचा 574 नंबरचा छापील नकाशा होता, आरागॉन-कातालुन्याचा. त्यात 1 सेंटिमीटर म्हणजे 4 किलोमीटर.

सॉर्ट सोडून घाट चढायला लागलो आणि एका फाट्यावर फोन म्हणाला, वळा. मी हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर लगेच सांगितलं, ‘हा फाटा आपला नाही. आपला रस्ता नकाशात तांबडा आहे, सरळ वर जातोय. हा पांढरा आहे.’ उत्तर आलं, ‘फोन सांगतोय ना.’ दीड किलोमीटर काँक्रीट, पुढे नुसती खडी, मग वाटच अरुंद झाली. दोन माणसं, दोन्ही बाजूंना भरलेल्या पेट्या, उतारावर बाइक वळवताना पुढचं चाक घसरलं आणि आम्ही आडवे. ब्रेकचा दांडा तुटला, माझा घोटा सुजला. वरच्या वाडीतून ट्रॅक्टर घेऊन येणाऱ्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने बाइक उभी करायला हात लावला.

त्या दिवाळीला साताऱ्याला गेलो तर धाकट्या भावजींनी फराळाच्या वेळी सगळ्यांसमोर विचारलं, ‘वहिनी, नकाशा उलटा धरला होता काय?’ सगळे हसले. नवरा काही बोलला नाही. तेव्हापासून आमच्या घरात ही गोष्ट अशीच सांगतात: वहिनींनी वाट चुकवली.

म्हणून चूक कुठे झाली ते नीट सांगते. तुमच्या हातूनही तीच होणार आहे. छोट्या पडद्यावर बोटाने टोचलेली पिन मुख्य रस्त्यावर न पडता पंचवीस-तीस मीटर बाजूला, दुसऱ्या वाटेवर पडते. फोनच्या लेखी त्या बिंदूला शिवणं बंधनकारक असतं, म्हणून तो तुम्हाला त्या वाटेने आत नेतो, बिंदू गाठतो आणि परत फिरा म्हणतो. आखलेल्या रेषेवर तिथे एक बारीक शेपटी दिसते. आदल्या रात्री पूर्ण मार्ग मोठा करून या शेपट्या शोधा. पिन फाट्यावर किंवा गावाच्या नावावर कधीही टोचू नका, दोन फाट्यांच्या मध्ये, उघड्या रस्त्यावर टोचा. हे काम मोठ्या पडद्यावर, घरी बसून करा. वळणांचे रस्ते शोधायला कुर्विगर हे मार्ग आखायचं संकेतस्थळ चांगलं. त्यात आखा आणि मार्गाची जीपीएक्स फाइल काढून फोनमधल्या ऑस्मअँड या नकाशाच्या अ‍ॅपमध्ये टाका, नकाशा आधी उतरवून ठेवला की दरीत नेटवर्क गेलं तरी चालतं. गूगल मॅप्स हॉटेल आणि पंप शोधायला ठेवा. घाटातला दिवस त्याच्यावर सोडू नका, त्याला लवकर पोचवायचं असतं आणि तुम्हाला लवकर पोचायचं नाहीये.

जीपीएसचं यंत्र नको. त्या पैशांत दोन हेल्मेटना चांगला इंटरकॉम घ्या. तो नसेल तर मागच्याने पाठीवर थापा मारून काय काय सांगायचं?

आणि कागदी नकाशा घ्याच. मिशेलिनवर ज्या रस्त्याच्या कडेने हिरवी रेघ जाते तो देखणा रस्ता, आणि रस्त्यावर बाणाच्या टोकासारख्या खुणा असतील तर चढ. खुणा जितक्या जास्त तितका चढ उभा. त्या हिरव्या रेघा एकमेकींना जोडत गेलं की अर्धा मार्ग आपोआप तयार होतो. स्पॅनिशमध्ये ‘पुएर्तो’ म्हणजे बंदरही आणि घाटही, तेव्हा डोंगरात पुएर्तो दिसला की आनंद माना. गावांची नावं दोन भाषांत येतात: फोनवर सेओ दे उर्जेल टाकलंत तरी पाटीवर ला सेऊ दुर्जेल असेल, आणि पुढे पाम्प्लोनाचं इरुन्या होईल. ही दोन्ही नावं ज्याने आदल्या रात्री नकाशात वाचली आहेत, तो माणूस मागे बसलेला हवा.

म्हणजे बायकोच्या हातात नकाशा द्यायचा तर तिच्या शब्दाला वजनही द्या. आमचा नियम त्या पडण्यानंतर ठरला: फोन आणि नकाशा वेगळं सांगायला लागले की थांबायचं, इंजिन बंद करायचं, दोघांनी बघायचं. मागच्याने ‘थांब’ म्हटलं की पुढच्याने कारण न विचारता थांबायचं. पुढच्याच वर्षी आम्ही या नियमाने पोर्तुगालपर्यंत जाऊन आलो. उत्तर पोर्तुगालमधल्या शावेशपासून एन-2 ने रेग्वाला उतरलो (हा रस्ता पुढे थेट दक्षिण टोकाला फारोपर्यंत 739 किलोमीटर जातो) आणि तिथून दोरू नदीच्या काठाने एन-222 वर पिन्याऊंपर्यंत द्राक्षमळ्यांमधून. एकदाही वाट चुकली नाही. मार्ग पूर्ण मी आखला होता. ही सहल मात्र घरात कोणी सांगत नाही.

दिवसांचं गणित: घाटात दोघांनी दिवसाला 220-250 किलोमीटरच्या वर जाऊ नका, ताशी 50 पडलं तरी खूप. तुमचे 12 दिवस नुसत्या जाण्यालाच लागतील. बाइक बार्सिलोनाला परत द्यायची असेल तर पोर्तो सोडा, पिरेनीज आणि उत्तर स्पेनमधले पिकोस दे एउरोपा डोंगर करून मागे फिरा.

एक राहिलं. छापील नकाशावर बंद घाट कळत नाही. मे महिन्याआधी किंवा ऑक्टोबरनंतर जाणार असाल तर स्पेनच्या वाहतूक खात्याचा, डीजीटीचा, ऑनलाइन नकाशा सकाळी बघून मगच निघा. शिवाय आमचा घोळ एका विशिष्ट फाट्यावरचा, सगळ्याच पिना वाईट नसतात, हेही खरं.

खुणा पेन्सिलने करा, पावसात पेनची शाई पसरते. माझ्या 574 वर घड्या फाटल्या आहेत, पण सॉर्टच्या पुढच्या त्या पांढऱ्या फाट्याभोवती मी त्याच संध्याकाळी ला सेऊ दुर्जेलला बसून काढलेलं वर्तुळ अजून स्वच्छ दिसतं, शेजारी वेळ लिहिलेली आहे, आणि खाली ‘सरळ, असं सांगितलं होतं’.