वाय-फाय जोडलेलं दिसतं पण नेट चालत नाही, राउटर रिसेट करू का?

तुम्ही लिहिलंय की सावद्याला वादळात लाइट गेली आणि परत आल्यापासून मोबाईलवर वाय-फायच्या सगळ्या दांड्या दिसतात, पण खाली 'इंटरनेट नाही' येतं. मागचं रिसेटचं छिद्र पिनने दाबू का, असं विचारलंय.

भाऊ, पिन आधी बाजूला ठेवा. ते छिद्र दाबून धरलं की राउटर कोरा होतो. बऱ्याच फायबर कनेक्शनमध्ये कंपनीचा युजरनेम-पासवर्ड राउटरच्या आतच भरलेला असतो. तो पुसला गेला की लाइन चांगली असूनही नेट येत नाही. मी फैजपूरला हेच दुरुस्तीचं काम करतो. मूळ बिघाड किरकोळ आणि रिसेटने वाढलेला, असे राउटर माझ्याकडे सतत येतात, आणि लोकांना त्यापायी नेटवाचून बसावं लागतं याचं वाईट वाटतं.

वाय-फायच्या दांड्या म्हणजे फक्त मोबाईल ते राउटर एवढा रस्ता चालू आहे. पुढचं दिवे सांगतात. 'एलओएस' नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल, तर फायबरमधला प्रकाश घरापर्यंत पोचतच नाहीये. वादळात खांबावरची वायर फांदी पडून तुटते, तसंच झालं असणार. तरी फोन करण्याआधी भिंतीतून येणारी बारीक वायर बघा. कपाटामागे दाबली किंवा काटकोनात मुडपली असेल तर सरळ करा, तिचं टोक 'टक' होईपर्यंत आत ढकला. टोक बाहेर काढलंच तर त्यात डोकावू नका. आतला लेसर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. यानंतरही लाल दिवा गेला नाही, तर तक्रार देताना 'नेट बंद आहे' म्हणू नका, 'एलओएस लाल आहे' म्हणा. लाइनमन वायर जोडायच्या तयारीने येतो.

'पॉन' दिवा (फायबर लाइन जोडली गेल्याची खूण) स्थिर हिरवा आणि 'इंटरनेट'चा बंद असेल, तर आधी रिचार्ज संपलाय का बघा. मग अ‍ॅडॅप्टर काढून दोन मिनिटांनी लावा आणि पाच मिनिटं थांबा. नाहीच आलं तर राउटरखालच्या स्टिकरवरचा पत्ता, बहुतेक वेळा 192.168.1.1, ब्राउझरमध्ये टाका. 'वॅन आयपी' म्हणजे कंपनीकडून राउटरला मिळणारा पत्ता; त्यापुढे 0.0.0.0 दिसलं तर बहुधा राउटरचं कंपनीकडे लॉगिनच होत नाहीये, कंपनीला तसं सांगा. तिथे खरा आकडा असेल तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर, बदलून गूगलचा 8.8.8.8 करून बघा.

दिवे लागून पुन्हा पुन्हा विझत असतील तर अ‍ॅडॅप्टरवर संशय घ्या. लाइट येताना व्होल्टेज उसळतं, त्यात तो जातो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याखाली ठेवलेले तर लवकरच दमतात. नवा घेताना जुन्यावरचे व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर कमी नकोत.

कोणता दिवा कसा दिसतो ते इथे लिहा, पुढचं सांगतो. स्टिकरचा फोटो मात्र टाकू नका, त्यावर पासवर्ड छापलेला असतो.